टुकार पिक्चरचं देणं

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चाळीत एक रात्र व्हीसीआरची असायची. घरटी पाच-पाच रुपये जमवून नाक्यावरच्या दुकानातून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या. भाडं एका रात्रीचं, म्हणून तिन्ही पिक्चर एकाच बैठकीत बघायचे आणि सकाळी दुकान उघडलं की सगळं परत. पहिली कॅसेट घरातल्या सगळ्यांसाठी, दुसरी मारामारीची. तिसरी कोणी मागितलेली नसायची, शिल्लक होती म्हणून दुकानदाराने दिलेली असायची. ती सुरू व्हायची तेव्हा रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असायचे आणि निम्मी पोरं सतरंजीवर आडवी झालेली असायची.

अशाच एका तिसऱ्या पिक्चरमध्ये कबरीतून हात वर आला. आधी बोटं, मग पंजा, मग मनगट. आणि मनगटावर घड्याळ, स्टीलच्या पट्ट्याचं. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग मागून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "अगं बाई, मेल्यावरही ड्यूटी सुटली नाही वाटतं याची!" जो हशा उसळला त्याने झोपलेली पोरं उठून बसली, आणि पुढचा दीड तास अख्खी खोली पडद्याशी बोलत होती. पुढे काय चुकणार यावर पैजा लागत होत्या. त्या रात्रीच्या पहिल्या दोन पिक्चरची नावं आज आमच्यातल्या कोणालाच आठवत नाहीत. घड्याळवालं भूत सगळ्यांना आठवतं.

हा आनंद कसला, याचा मी बरीच वर्षं विचार करत आलो आहे. नेहमी मिळणारं उत्तर असं, की माणसाला दुसऱ्याची फजिती बघायला आवडते. हे उत्तर मला पटत नाही. फजितीच बघायची असती तर सगळेच वाईट पिक्चर सारखे आवडले असते. प्रत्यक्षात बहुतेक वाईट पिक्चर नुसते कंटाळवाणे असतात. मोठ्या खर्चाचा, देखण्या चेहऱ्यांचा, कॅमेरा-प्रकाश-संगीत सगळं जागच्या जागी असलेला आणि आतून रिकामा पिक्चर आपण गेल्या वर्षात किती पाहिले! थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते डोक्यातून गेलेले असतात. त्यांना कोणी मित्र जमवून पुन्हा बघत नाही. टुकार पिक्चर मात्र पुन्हा बघितला जातो, दुसऱ्याला दाखवला जातो, त्याचे संवाद वीस वर्षांनी लग्नाच्या पंगतीत आठवतात. 'वाईट' आणि 'टुकार' यांत फरक आहे, आणि तो फरक समजून घेतल्याशिवाय या सगळ्या आकर्षणाचा उलगडा होत नाही.

आपल्या काव्यशास्त्रात या फरकाला हजार वर्षांपूर्वीच शब्द मिळाला आहे: रसाभास. रस साधावा म्हणून सगळी मांडामांड केली, पण कुठेतरी औचित्य सुटलं, की हाती रसाचा आभास उरतो. काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या भाष्यात अनौचित्याला हास्याचं मूळ मानलं आहे. कुठल्याही रसाचा आभास झाला की तो हास्याकडे वळतो. करुण फसला तर हसू, भयानक फसला तर हसू, शृंगार फसला तर फारच हसू. त्यांच्याकडे शिकलेल्या क्षेमेंद्राने औचित्यावरच्या आपल्या ग्रंथात दिलेला दाखला तर घरगुती आहे. मेखला, म्हणजे कमरपट्टा, गळ्यात घातली आणि हार कमरेला बांधला, तर बघणारा हसणारच. त्यात मेखला खोटी नाही आणि हारही खोटा नाही. चुकली ती जागा.

या विचारातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग असा, की आभास व्हायला आधी रस साधण्याची खरी धडपड लागते. जो पिक्चर काहीच साधू बघत नाही, त्यात फसायलाही काही नसतं. कबरीतून उठणारं ते भूत उभं करणाऱ्यांना आम्हाला खरोखर घाबरवायचं होतं. त्यांनी माती आणली होती, धूर सोडला होता, कोणाला तरी त्या खड्ड्यात तासभर झोपवलं होतं. फक्त हातातलं घड्याळ काढायला सांगायचं राहून गेलं. त्या एका घड्याळातून आम्हाला पडद्यामागचा तो माणूस दिसला. थंडीत, मातीत पडलेला, कधी एकदा शॉट संपतो याची वाट बघणारा. चांगल्या शिंप्याची शिवण दिसत नाही, आणि म्हणून शिवणाऱ्याचा हातही दिसत नाही. टुकार पिक्चरची शिवण उसवलेली असते आणि त्या फटीतून माणसं दिसतात. आम्ही हसलो ते त्या माणसाच्या अचानक झालेल्या भेटीने, असं मला आज वाटतं.

लॉस एंजेलिसमध्ये २७ जून २००३ रोजी 'द रूम' नावाचा चित्रपट लागला. लेखक, निर्माता, दिग्दर्शक आणि नायक एकच: टॉमी वायझो. खर्च सुमारे ६० लाख डॉलर झाल्याचं सांगितलं जातं, आणि पहिल्या दोन आठवड्यांची कमाई १,८०० डॉलरच्या आसपास. सहसा लोक कॅमेरे भाड्याने घेतात, वायझोंनी विकत घेतले. इतकंच नव्हे, तर फिल्मचा आणि डिजिटल असे दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून पूर्ण चित्रपट एकाच वेळी दोन्हींवर टिपला. सहनट ग्रेग सेस्टेरो यांनी टॉम बिसेल यांच्याबरोबर लिहिलेल्या २०१३च्या पुस्तकात या चित्रीकरणाची हकीकत आहे. खरी गल्ली शेजारीच असताना गल्लीचा सेट बांधला गेला, कारण खरा चित्रपट सेटवर होतो अशी वायझोंची धारणा होती. शहरात त्यांनी स्वतःचा चेहरा असलेला एक मोठा फलक लावला, तो सुमारे पाच वर्षं तिथे होता. दर महिन्याला त्या फलकाचं भाडं भरणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

हळूहळू मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. सेटवरच्या एका फोटोफ्रेममध्ये चमच्याचं चित्र आहे, का आहे ते कोणालाच कळत नाही. ती फ्रेम दिसली की प्रेक्षक पडद्याच्या दिशेने प्लास्टिकचे चमचे उधळतात. जगातल्या कित्येक शहरांत हे वर्षानुवर्षं चालू आहे. बाहेरून बघणाऱ्याला ही नुसती टिंगल वाटेल. पण टिंगल करायला माणूस एकदा येतो, दहादा येत नाही. त्या पिक्चरमध्ये एक माणूस सगळ्यांवर जीव टाकतो आणि सगळे त्याला फसवतात. लिहिणाऱ्याला हे दुःख खरं वाटत होतं. ते मांडण्याची भाषा त्याच्याकडे नव्हती, अभिनय नव्हता, संवादाचा कान नव्हता; दुःख मात्र होतं, आणि स्वतःची सगळी पुंजी लावून ते सांगायचा हट्ट होता. तो हट्ट प्रत्येक फसलेल्या दृश्यातून बाहेर डोकावतो. पुढे वायझो सांगू लागले की हा विनोदी चित्रपट म्हणूनच बनवला होता. लोकांनी ते मानलं नाही, आणि मानलं नाही यातच त्यांची माया दिसते. त्यांना तो हट्ट खरा हवा होता.

सुझन सोंटॅग यांनी १९६४ साली 'कॅम्प' या, भडक आणि अतिरेकी गोष्टींत रमणाऱ्या अभिरुचीवर लिहिलेल्या निबंधात नेमकं हेच हेरलं होतं: शुद्ध कॅम्प भाबडा असतो, मुद्दाम केलेला नव्हे, त्यात गांभीर्य असतं आणि ते फसतं. म्हणूनच ठरवून बनवलेला टुकार पिक्चर मला सपक लागतो. २०१३ साली अमेरिकेत 'शार्कनेडो' आला, वावटळीतून शहरावर शार्क मासे पडतात अशी कल्पना. लोक हसले, म्हणून २०१८पर्यंत त्याचे एकूण सहा भाग निघाले. तिथे बनवणारा आधीच डोळा मिचकावत असतो. त्याने स्वतःचं काहीच पणाला लावलेलं नसतं. आपल्याकडेही अलीकडे 'ऐंशीच्या दशकासारखा' म्हणून जाणूनबुजून भडक केलेले पिक्चर येतात. त्यांतल्या भडकपणाला वास नसतो, कागदी फुलांना नसतो तसा.

हिंदीत भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंचा वास मात्र खरा होता. वडील एफ. यू. रामसे कराचीतून आलेले, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान. मग सिनेमाचा नाद. १९७० साली काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करायला येतात त्या एका प्रसंगाला प्रेक्षक थरारतात, हे मुलांच्या लक्षात आलं. तो धागा धरून सात भावांनी कामं वाटून घेतली: कोणी लेखन, कोणी कॅमेरा, कोणी आवाज, कोणी संकलन, आणि तुलसी-श्याम ही जोडी दिग्दर्शनाला. १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी आपल्या महाबळेश्वरला जाऊन काढला. स्टुडिओ नाही, मोठा नट नाही, अख्खं कुटुंबच युनिट. घरातल्या बायकासुद्धा बरोबर जायच्या आणि स्वयंपाकापासून पडेल ते काम करायच्या. डोंगरावरचं धुकं फुकट मिळत होतं आणि जुने बंगले आयते होते. १९८४ साली 'पुराना मंदिर' आला आणि त्याने मोठमोठ्या पिक्चरच्या रांगेत बसेल असा धंदा केला.

आज त्यातली भुतं बघून हसू येतं हे खरं. रबराचे मुखवटे, लाल-हिरवे दिवे, मधेच घुसवलेला विनोदी कलाकार. पण जरा लक्ष देऊन बघितलं तर कळतं, की दिव्याला रंगीत कागद लावून भीती उभी करणाऱ्या या लोकांना पैसा नव्हता तरी प्रेक्षक ठाऊक होता. तालुक्याच्या थिएटरात शेवटच्या खेळाला बसलेला माणूस कुठे दचकेल, कुठे कंटाळेल, याचा हिशेब त्यांच्याकडे पक्का होता. समीक्षकांनी त्यांना दारात उभं केलं नाही. माझ्या पिढीच्या कितीतरी लोकांना सिनेमात सावली, दार, करकर आणि शांतता यांचं काय करता येतं, हे मात्र पहिल्यांदा त्यांनीच शिकवलं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो घेणारे लोक मला प्रिय आहेत, कारण त्यांना चांगल्या सिनेमाची चाड आहे. ते म्हणतात, आधीच लोक चांगलं बघत नाहीत, त्यात तुम्ही टुकाराचं कौतुक करून अभिरुची आणखी खाली नेता. माझा अनुभव उलटा आहे. त्या व्हीसीआरच्या रात्री आमच्या खोलीत जे चाललं होतं तो समीक्षेचा वर्गच होता. "अरे, आत्ता तर रात्र होती, दिवस कधी उजाडला?" हे सातवीतल्या पोराला कळलं, म्हणजे त्याला सलगता म्हणजे काय ते कळलं. "ओठ बंद झाले तरी आवाज येतोय" म्हणणाऱ्याला डबिंग कळलं. "हा मघाशी डावीकडे बघत होता, आता उजवीकडे कसा बोलतोय?" हा प्रश्न तर चित्रपटशिक्षणातला पायाचा धडा आहे. चांगला चित्रपट आपल्याला भारून टाकतो, म्हणून तो कसा बनला हे पहिल्या बैठकीत दिसत नाही. टुकार पिक्चर आपलं व्याकरण उघडं टाकतो. पुढे मी चांगले चित्रपट बघायला लागलो तेव्हा त्यांतली सफाई ओळखू आली, ती या तिसऱ्या कॅसेटींमुळे.

हे सगळं जिथे सगळ्यात निर्मळ रूपात घडलं, ते ठिकाण आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. मालेगाव यंत्रमागांचं शहर. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवार पिक्चरचा. नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचे आणि दोन व्हीसीआर जोडून संकलन करायला आपलं आपण शिकले होते. २००० साली त्यांनी सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. नट गावातलेच. डाकूंना घोडे परवडत नव्हते, त्यांना सायकली दिल्या. क्रेन नव्हती, बैलगाडीने क्रेनचं काम केलं. पिक्चर गावातल्या पार्लरमध्ये तुडुंब चालला. पुढे त्यांनी 'सुपरमॅन'लाही मालेगावात आणलं. हिरवं कापड ट्रकच्या अंगाला लावून त्याला उडवलं. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख हा तिथला काटकुळा सुपरमॅन, आणि त्याची लढाई तंबाखूशी. फैजा अहमद खान यांनी त्या चित्रीकरणावर केलेला माहितीपट जगभर फिरला. त्यात एकदा एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो, आणि त्या क्षणी सगळ्या युनिटच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघून कोणालाही हसू येत नाही. शफीक पुढे कर्करोगाने गेला. रीमा कागती यांनी या मंडळींवर काढलेला कथापटही २०२५ साली चित्रपटगृहांत आला.

मालेगावचे पिक्चर टुकार म्हणावेत का, हाच मुळात प्रश्न आहे. त्यांत चुका ढिगाने आहेत, पण बनवणाऱ्यांना त्या ठाऊक आहेत आणि त्यांनी त्या गमतीत ओवून घेतल्या आहेत. मग ते 'शार्कनेडो'सारखे सपक का लागत नाहीत? कारण त्यांचं सगळं पणाला लागलेलं आहे. दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून माणूस सुपरमॅनचा पोशाख घालतो, तेव्हा डोळा मिचकावायला त्याच्यापाशी जागा उरत नाही. शिवाय हसणारे आणि हसवणारे एकाच गल्लीतले. पडद्यावर ज्याला बघून हसायचं, तोच उद्या सकाळी चहाच्या टपरीवर भेटणार. त्या हसण्यात आपोआप एक मर्यादा येते, आणि ती हसणं कमी करत नाही, वाढवते.

ही मर्यादा सुटली की काय होतं, ते आता रोज दिसतं. अमेरिकेत १९८१पासून वर्षातल्या सगळ्यात वाईट चित्रपटांना 'रॅझी' हा थट्टेचा पुरस्कार दिला जातो. सुरुवात घरगुती गमतीतून झाली. २०२२ साली हॉलीवूडचे नट ब्रूस विलिस यांच्या एका वर्षातल्या आठ वाईट कामांसाठी रॅझीवाल्यांनी खास वेगळा विभाग काढला. काही आठवड्यांतच विलिस यांच्या कुटुंबाने सांगितलं की त्यांना वाचाघात झाला आहे. ज्याला सगळे आळशी अभिनय म्हणत होते त्यामागे आजार होता. पुरस्कार मागे घेतला गेला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी वाईट अभिनेत्रीच्या यादीत १२ वर्षांच्या मुलीचं नाव घातलं. टीका झाल्यावर तेही मागे घेतलं आणि १८ वर्षांखालच्या कोणाचं नाव यापुढे घेणार नाही असा नियम केला. मला या संस्थेतल्या लोकांचा राग येण्यापेक्षा वाईट वाटतं. पिक्चरवर हसता हसता माणसावर हसणं कधी सुरू झालं, हे त्यांना कळलंच नाही.

अमेरिकन दिग्दर्शक एड वूड यांच्या वाट्याला हेच आलं, फक्त ते बघायला ते राहिले नाहीत. त्यांचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' १९५०च्या दशकातला. त्यांचे मित्र बेला लुगोसी, एके काळचे जगप्रसिद्ध ड्रॅक्युला, १९५६ साली वारले. वूड यांच्यापाशी त्यांची काही मिनिटांची दृश्यं होती. ती वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्यांभोवती पिक्चर उभा केला आणि उरलेल्या दृश्यांत बायकोच्या ओळखीतल्या, हाडं-सांधे बसवणाऱ्या एका माणसाला झग्याने तोंड झाकून उभं केलं. तो लुगोसींपेक्षा उंच होता, आणि ते कोणाच्याही लक्षात येतं. १९८० साली अमेरिकेतल्या एका पुस्तकाने या चित्रपटाला आजवरचा सर्वांत वाईट ठरवलं आणि तो जगभर गाजला. वूड त्याआधी, डिसेंबर १९७८मध्ये, घरातून बाहेर काढले गेल्यानंतर काही दिवसांतच गेले होते. मेलेल्या मित्राला पडद्यावर आणखी थोडा वेळ जिवंत ठेवू बघणाऱ्या माणसाची ती फसलेली खटपट होती. हे कळल्यावरही त्या झग्यातल्या माणसाला बघून मी हसतो, पण वेगळं हसतो.

नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. त्यांतल्या उपहसिताचं वर्णन बघा: फुगलेली नाकपुडी आणि तिरकी नजर. आज मोबाइलवर कोणा खेड्यातल्या पोराने जीव तोडून केलेल्या नाचाखाली किंवा एखाद्या गृहिणीने हौसेने केलेल्या अभिनयाखाली ज्या ओळी लिहिलेल्या दिसतात, त्यांत ती तिरकी नजर जशीच्या तशी आहे. हसणाऱ्याला हसल्या जाणाऱ्याचं घर माहीत नाही, चहाची टपरी एक नाही. तिथे आपण सगळ्यांनीच हात आवरायला हवा. पिक्चर बनवणाऱ्याने तिकीट लावून, पोस्टर चिकटवून आपल्यासमोर काहीतरी ठेवलेलं असतं, त्यावर हसण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे. घरात हौसेने नाचणाऱ्या पोरावर तो हक्क चालत नाही.

आणि एक जागा अशी, जिथे हसणंच चुकीचं आहे. कांती शाह यांचा १९९८चा 'गुंडा' हा हिंदीतला बहुधा सगळ्यात गाजलेला टुकार पिक्चर. कॉलेजांच्या होस्टेलवर त्याची पारायणं झाली आहेत, यमक जुळवून बोलणारे त्यातले खलनायक लोकांना तोंडपाठ आहेत. मीही ती यमकं ऐकून हसलो आहे. पण त्याच पिक्चरमध्ये बलात्काराची दृश्यं आहेत, आणि त्या खोल्यांमध्ये तीही त्याच हशात वाहून जातात. रसाभासाचं सूत्र इथे लागू होत नाही. तिथे रस फसलेला नाही. बाईच्या यातनेचा माल करून विकायचं ठरवलं होतं आणि ते नेमकं साधलं आहे. जे फसलंच नाही त्यावर हसून आपण त्याला माफी देतो. एकदा एका मित्राच्या घरी त्या दृश्याच्या वेळी एक मैत्रीण उठून आत निघून गेली. कोणीतरी पिक्चर थांबवला. मला तो थांबवणारा माणूस फार आवडला.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. हे पिक्चर जपायचे कोणी?

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी ते पुढे जवळजवळ तीन दशकं वाढवलं. चांगलं-वाईट ठरवणं हे संग्राहकाचं काम नाही, मिळेल ते वाचवणं हे त्याचं काम, अशी त्यांची धारणा. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळं त्यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन मिळवली. तरीही आपल्या मूकपटांपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच पूर्ण उरले आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१चा, त्याची एकही प्रत नाही. अशी कितीतरी रिळं त्यांतली चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. जी वाचली त्यांतली शेकडो चित्रपटांची, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं जानेवारी २००३मध्ये पुण्यातल्याच आगीत गेली.

नामवंत चित्रपटांची ही गत, तर टुकार पिक्चरचं काय? पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाची प्रत कोणीतरी कुठेतरी ठेवतो. तिसऱ्या कॅसेटीला वाली नसतो. निर्माता दिवाळखोर, दुकान बंद, कॅसेटवर बुरशी. लोकांचा पैसा कचरा साठवायला का खर्चायचा, असं कोणी विचारेल. कचरा कोणता हे त्या त्या काळाला कळत नाही, हे त्याचं उत्तर. १९३५ साली हंटर घेऊन घोड्यावर बसणाऱ्या नादियाचे स्टंटपट प्रतिष्ठित लोकांच्या हिशेबात नव्हते. आज त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात, कारण त्या काळातली धीट बाई दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये इतकी ठसठशीत सापडत नाही. मालेगावचे सगळे पिक्चर, रामसेंच्या वाटेने गेलेल्या कितीतरी अनाम निर्मात्यांच्या कॅसेटी, मराठीतले एका आठवड्यात उतरलेले ग्रामीण पिक्चर, हे सगळं आत्ता, टेप वाचता येतात तोवर, उतरवून घेतलं पाहिजे. चुंबकीय टेप फिल्मइतकी टिकत नाही, आणि ती वाचणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. हे काम एकट्या संग्रहालयाचं नाही. गावोगावच्या जुन्या व्हिडिओ पार्लरवाल्यांच्या माळ्यावर अजून खोकी असतील. जिल्हा ग्रंथालयांना, महाविद्यालयांच्या माध्यम विभागांना यात हात घालता येईल. पैसाही फार लागणार नाही. लागेल तो कोणीतरी जाऊन विचारण्याचा वेळ.

घड्याळवाल्या भुताचा पिक्चर मी पुष्कळ शोधला. नाव आठवत नाही, नट ओळखीचा नव्हता. चाळीतल्या सगळ्यांना विचारलं, प्रत्येकाने वेगळं नाव सांगितलं. मिळाला नाही.

त्या शोधात मात्र त्या काळातले असे पन्नासेक पिक्चर बघून झाले, आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. या लोकांकडे रस्ता अडवायला परवानगी नसायची, गर्दीसाठी माणसं आणायला पैसे नसायचे. म्हणून नायक बाजारातून पळतो तो खऱ्या बाजारातून. मागे खरी दुकानं, खऱ्या पाट्या, त्या साली रुपयाला मिळणाऱ्या भाजीच्या राशी, आता पाडलेलं एखादं थिएटर, एसटीची जुनी लाल गाडी. मोठ्या पिक्चरमध्ये हे सगळं स्टुडिओत बांधलेलं असतं. इथे ते आहे तसं येऊन बसलं आहे. आणि जवळजवळ प्रत्येक पिक्चरमध्ये एक माणूस असतो, शूटिंग चाललंय हे बघून सायकलवरून पाय टेकून थांबलेला, थेट कॅमेऱ्याकडे बघणारा. दिग्दर्शकाला तो दिसला असणारच, पण दुसरा टेक घ्यायला रीळ नव्हतं. नायक पळत फ्रेमच्या बाहेर जातो. सायकलवाला तिथेच थांबून आपल्याकडे बघत राहतो.